पंख्यावरची नाव

निमकरांना चिनी भाषा येत नव्हती. हे आधीच नोंदवून ठेवलेले बरे, कारण ते स्वतः तसे कधी सांगत नसत आणि त्यांच्या बैठकीत हा प्रश्न विचारायची पद्धत नव्हती. त्यांच्याकडे एक चिनी पंखा होता, आणि पंखा असला की भाषा आपोआप येते अशी त्यांची प्रामाणिक समजूत असावी. प्रामाणिक हा शब्द त्यांच्याबाबत मी पुन्हा वापरणार नाही.

जयपूरला मालवीय नगरात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहत होतो. एका हिंदी दैनिकात बातम्या तपासण्याचे काम होते आणि पाळी संध्याकाळची असे. त्यामुळे दुपारच्या बैठका मला आयत्या पाहायला मिळाल्या. निमकरांना पेपरातला माणूस पाहुण्यांना दाखवायला आवडत असे. ते मला बोलावून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवत.

पंखा घडीचा होता. बांबूच्या काड्या आणि त्यांवर ताणलेला जुना, पिवळट कागद. उघडला की तळे दिसे: पलीकडे धुक्यात विरत गेलेले डोंगर, अलीकडे एक वाकलेले झाड, पाण्यावर एक होडी आणि होडीत टोपी घालून बसलेला माणूस. डोंगरांच्या वरच्या मोकळ्या जागेत चिनी अक्षरांच्या चार उभ्या ओळी आणि त्यांच्या शेवटी लहानसा चौकोनी लाल शिक्का. चित्र चांगले होते. काढणाऱ्याने पाणी रंगवलेच नव्हते. कागद तसाच सोडला होता, आणि पाहणाऱ्याला पाणी दिसत होते. काय सोडून द्यावे हे कळलेली तेवढी एकच वस्तू त्या दिवाणखान्यात होती.

हा पंखा निमकरांकडे कसा आला, याच्या हकिकती पाहुण्यांगणिक बदलत. बहुतेकदा कोलकात्याच्या एका म्हाताऱ्या चिनी दंतवैद्याने शेवटच्या आजारात तो त्यांच्या हाती सोपवलेला असे. कधी दंतवैद्याचा चित्रकार होई. एकदा रेल्वेतले मोठे साहेब आले होते तेव्हा तो म्हातारा कुठल्याशा राजघराण्यातला निघाला. निमकरांची नोकरी रेल्वेच्या भांडार विभागात, भुसावळ, कोटा आणि जयपूर अशी झाली होती. कोलकाता त्यात नव्हते.

मी एकदा जिन्यात सुमनवहिनींना विचारले. या निमकरांच्या पत्नी, माहेर वेंगुर्ल्याचे. म्हणाल्या, मामाने आणला. मामा बोटीवर होता आणि लग्नात त्याने तो आहेर म्हणून दिला. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. हातातली बादली खाली ठेवून त्यांनी एवढे सांगितले आणि बादली उचलून गेल्या.

त्या पंख्याला हात लावायची वहिनींना मनाई होती. कारण, हळदीचे हात. निमकर स्वतः पांढरे हातमोजे घालत. लग्नात बँड वाजवणारे घालतात तसले ते मोजे त्यांनी बँडच्या कपड्यांच्या दुकानातून आणले होते. मनगटापाशी सोनेरी किनार होती. मोजे चढवायचे, पेटी उघडायची, मलमल बाजूला करायची, आणि मग एकेक काडी सरकवत पंखा उलगडायचा. मध्येच कोणी बोलले तर ते थांबत आणि पुन्हा सुरुवातीपासून उलगडत. "सावकाश," ते म्हणत, "हा पंखा घाईचा नाही." पाहुण्यांचा चहा तोवर निवलेला असे. फोटो काढायला बंदी होती.

नंतर कविता. मोज्यातले बोट ते अक्षरांवरून डावीकडून उजवीकडे, आपण वर्तमानपत्र वाचतो तसे, आडवे फिरवत. ओळी उभ्या आहेत याने त्यांचे कधी अडले नाही. लाल शिक्क्यावर बोट ठेवून "इथे धुकं असं लिहिलंय" असे सांगताना मी त्यांना ऐकले आहे. त्याच चार ओळी रेल्वेच्या निवृत्त सहकाऱ्यांसमोर कर्तव्यावर असत. नुकतीच बायको गेलेल्या एका गृहस्थांसमोर त्या विरहावर झाल्या आणि ते गृहस्थ रडले. सी-स्कीम या श्रीमंत वस्तीतला एक बिल्डर आला तेव्हा त्यांत पाण्याकाठी घर असण्याचे महत्त्व आले. चिनी कशी शिकलात, असे त्या बिल्डरने भाबडेपणाने विचारले होते. निमकर म्हणाले, "चिनी वाचायची नसते, पाहायची असते." बिल्डरने हे वाक्य मोबाइलवर टिपून घेतले.

मे महिन्यातल्या एका दुपारी पंखा अर्धा उलगडलेला असताना वीज गेली. कूलर थांबला, त्याच्या खसचा, म्हणजे वाळ्याच्या पडद्यांचा, गारवा ओसरला. दिवाणखान्यात सात-आठ माणसे, दारे उन्हामुळे बंद. जोशीकाकू नावाच्या वयस्कर बाई होत्या, त्यांना घाम फुटला आणि त्या भिंतीला टेकल्या. म्हणाल्या, "अहो निमकर, हातात पंखाच आहे तर घाला की थोडा वारा." निमकरांनी पंखा मिटला, मलमलीत गुंडाळला आणि पेटी बंद केली. मोजे काढत त्यांनी सांगितले, "याने वारा घेणं म्हणजे याचा अपमान आहे, काकू." वहिनी आतून स्टीलचे ताट घेऊन आल्या आणि वीज येईपर्यंत ताटाने काकूंना वारा घालत राहिल्या. वीज आल्यावर निमकरांनी बैठक पुन्हा सुरू केली. त्या दिवशीच्या कवितेचा विषय होता वारा.

या कविता मराठीत यायच्या त्या अशा. पाहुणे गेल्यावर निमकर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून भावार्थ सांगत. भावार्थ म्हणजे: तळे आहे, संध्याकाळ आहे, कवीच्या मनात कालवाकालव आहे. मग म्हणत, "अगं, एवढं जरा बसवून दे." वहिनी कणीक मळत असत, नाहीतर मेथी निवडत असत. थोड्या वेळाने त्या चार ओळी म्हणत आणि निमकर त्या लिहून घेत. त्यांत कालवाकालव नसे. संध्याकाळही कित्येकदा नसे. पुढच्या बैठकीत त्या ओळी निमकर पंखा बघत वाचत आणि शेवटी कोणी वाहवा केलीच तर उदारपणे म्हणत, "हिनं फक्त बसवून दिलं." बसवणे हा त्यांचा शब्द. साडीला फॉल बसवतात, नळाला तोटी बसवतात, तसा.

कानोत्याची गोष्ट मी स्वतः ऐकली आहे, म्हणून ती नेमकी सांगता येते.

हिवाळ्यात महाराष्ट्र मंडळाची सहल कानोत्याच्या धरणावर गेली. निमकरांनी पेटी बरोबर घेतली होती. पाण्यासमोर उभे राहून त्यांनी पंखा उलगडला, हात लांब करून समोरच्या देखाव्याशी ताडून पाहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे जाहीर केले की कानोता कमी पडतो. धुके नाही, डोंगरांना उतार नाही. क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना त्यांनी देखाव्यातून बाजूला व्हायला सांगितले. कानोत्याच्या त्रुटी सांगून संपेपर्यंत डबे उघडायचे नाहीत असे ठरले, किंवा त्यांनी ठरवले.

वहिनी सतरंजीवर बसल्या होत्या. काठाला मासेमाराची एक लहान होडी दोराने बांधलेली होती आणि आत कोणी नव्हते. वहिनी जोशीकाकूंना म्हणाल्या, "ती नाव बघा, कशी एकटीच हलतेय."

निमकर वळले. "नाव काय? होडी म्हण. तीस वर्षं जयपुरात राहून मराठी विसरलीस. नाव म्हणजे हिंदी."

नाव हा शब्द मराठीतही आहे, पण वाद घालायला कोणी उठले नाही. वहिनींनीही नाही. वेंगुर्ल्याची बाई लहानपणापासून होडीच म्हणत आली असणार. नाव हा शब्द तिला भाजीवाल्या भैयाच्या, शेजारणींच्या बोलण्यातून लागला हे खरेच. त्यांनी तो शब्द मनातल्या मनात एकदोनदा म्हणून पाहिला असावा, कारण ओठ हलले. लोणच्याच्या बरणीचे झाकण उघडता उघडता त्या म्हणाल्या:

तळ्यात एक नाव आहे,
नावेत कोणी नाही.
काठावर मी आहे,
मला नाव नाही.

जोशीकाकूंचा हात पोळीवरच थांबला. कोणी काही म्हणायच्या आत निमकर पंखा घेऊन तिथे आले. त्यांचा चेहरा उजळला होता. "हेच," ते म्हणाले. "नेमकं हेच लिहिलंय इथे. मी कधीपासून शोधत होतो." आणि मोज्यातले बोट त्यांनी अक्षरांवरून फिरवले, डावीकडून उजवीकडे. पंख्यावरच्या होडीत टोपीवाला माणूस बसलेला होता. तो त्यांच्या अंगठ्याखाली आला होता.

पुढच्या वर्षी मंडळाने निमकरांच्या अनुवादांची पुस्तिका काढायचे ठरवले. वार्षिक कार्यक्रमात प्रकाशन, मुखपृष्ठावर पंख्याचा फोटो. मुद्रिते तपासायला ती माझ्याकडे आली. आतल्या सगळ्या कविता वहिनींच्या होत्या. त्यांतल्या काही मला जिन्यात स्वयंपाकघरातून ऐकू आल्या होत्या. वर छापले होते: मूळ चिनीवरून अनुवाद, द. वि. निमकर. आणि आत एका पानावर: 'जिच्या चहाशिवाय हे शक्य नव्हते त्या सौ.स.'

सौ.च्या पुढे मी समासात लिहिले, 'नाव?' आमच्या कामात अपुरी ओळख दिसली की असे लिहायची रीत आहे. निमकरांनी ते खोडून पाठवले.

दुसऱ्यांदा मुद्रिते घेऊन मी खाली गेलो तेव्हा वहिनी तिथेच होत्या. पानाकडे बघून त्या नवऱ्याला म्हणाल्या, "माझं नाव घाला."

निमकर हसले. "कशाला?"

"माझ्या आहेत म्हणून."

"अगं, तू फक्त बसवून दिल्यास. अनुवाद माझा आहे."

"मग खाली घाला. बारीक अक्षरात घाला. पण घाला."

"एका पुस्तकावर दोन नावं शोभत नाहीत," निमकर म्हणाले आणि माझ्याकडे वळून विचारले, "काय हो, पेपरवाले?" मी सांगितले की शोभतात, आम्ही रोज छापतो. त्यांनी ते ऐकले नाही. त्यांनी प्रश्न उत्तरासाठी विचारलेला नव्हता. वहिनी आत गेल्या. त्या घरात त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेले मी तेवढे एकदाच ऐकले. पुस्तिका ठरल्याप्रमाणे छापली गेली.

प्रकाशन सी-स्कीममधल्या एका सभागृहात झाले. पुढच्या रांगांत रेल्वेतली जुनी कुटुंबे. मागे पुण्या-नागपुराकडून नोकरीसाठी आलेली आयटीतली तरुण मुले. त्यांना मराठी ऐकायला मिळते आणि शेवटी मसालेभात असतो. सूत्रसंचालन गौरवकडे होते. गौरव मंडळाचा सचिव, वडील रेल्वेत, जन्म आणि शाळा जयपूरची. मराठी तो मनापासून बोलतो, पण हिंदीतून बोलतो.

निमकरांनी मोजे घातले, पंखा उलगडला, आणि कानोत्याची ती कविता वाचली. वाचून झाल्यावर डोळे मिटून उभे राहिले. टाळ्या झाल्या. मग मागच्या रांगेतून अश्विनी नावाची अमरावतीची एक मुलगी उठली. तिला कविता खरोखर आवडली होती. तिने विचारले, "काका, चिनीतसुद्धा होडीला आणि नावाला एकच शब्द आहे का?"

सभागृहात त्या प्रश्नाचा अर्थ किती जणांना कळला हे सांगता येत नाही. वहिनींना कळला, त्या दुसऱ्या रांगेत ताठ बसल्या. निमकरांनी डोळे उघडले. क्षणभरही न थांबता ते म्हणाले, "अगदी एकच. तेच तर त्या भाषेचं वैभव आहे."

अश्विनीने बसून मोबाइल काढला. शोधायला तिला फार वेळ लागला नाही. तिने पडदा शेजारच्या मैत्रिणीला दाखवला, दोघींनी एकमेकींकडे पाहिले, आणि तिने मोबाइल पर्समध्ये ठेवून दिला. निमकरांच्या अशा बऱ्याच गोष्टी इतरांच्या सभ्यपणावर चालत.

मग वहिनी उठल्या. माइक त्यांच्यापाशी नव्हता, आवाजही मोठा नव्हता, पण सभागृह लहान होते.

"चिनीत काय लिहिलंय ते मला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "यांनाही ठाऊक नाही. ही कविता मी केलीय. कानोत्याला. मराठीत."

निमकरांनी पंखा मिटला, या वेळी बराच घाईने. मग ते माइकमध्ये हसले. "ही अशी चेष्टा करते अधूनमधून," ते म्हणाले.

लोक सुटल्यासारखे हसले. आभार मानायला गौरव उभा राहिला. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, आणि गौरवने तो शब्द तसाच ऐकला होता. मघाचा ताण निवळावा असेही त्याला वाटत असणार. तो म्हणाला, "निमकर काकूंनी पण या कामात खूप चेष्टा केली, त्यांचे विशेष आभार. मतलब, आपल्या सगळ्या लेडीजनी अशीच चेष्टा करत राहिली पाहिजे." महाराष्ट्रातून आलेला अर्धा हॉल हसला. जयपुरात वाढलेल्या अर्ध्या हॉलने टाळ्या वाजवल्या. निमकरांनी दोन्ही आपल्यासाठी धरले आणि वाकून नमस्कार केला. वहिनी उभ्याच होत्या. जोशीकाकूंनी हात धरून त्यांना खाली बसवले.

दुसऱ्या दिवसापासून वहिनींनी बसवून देणे बंद केले. भांडण झाले नाही; झाले असते तर वर ऐकू आले असते. निमकर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून भावार्थ सांगत आणि वहिनी म्हणत, "बरं." पुढे काही नाही. काही दिवस त्यांनी वाट पाहिली, मग स्वतः लिहायला घेतले. त्या काळातली एक रचना माझ्या लक्षात आहे, कारण ती त्यांनी मला थांबवून ऐकवली: 'तळे शांत. डोंगर प्रशांत. कवी अत्यंत शांत.' ती त्यांनी बैठकीत वाचली तेव्हा जोशीकाकूंनी विचारले की पुढे काय होते. निमकर म्हणाले, इथेच संपते, चिनी लोक मितभाषी असतात.

पाहुणे कमी झाले. बिल्डर पुन्हा आला नाही. निमकरांना यात आपला दोष दिसला नाही. मला त्यांनी सांगितले की पंखा हल्ली बोलत नाही. जयपूरची हवा कोरडी आहे, त्याचा परिणाम असावा. पंख्याशेजारी त्यांनी पाण्याची वाटी ठेवायला सुरुवात केली. वाटी वहिनी भरत नसत.

मी जयपूर सोडले त्या आठवड्यात मंडळाची मासिक बैठक होती, मालवीय नगरातच. सतरंज्या, भिंतीकडेने प्लास्टिकच्या खुर्च्या, पंधरा-वीस माणसे. निमकर पहिल्या खुर्चीवर बसले होते. त्यांच्या शेजारी नुकतेच नाशिकहून बदलून आलेले बँकेतले एक तरुण अधिकारी होते, आणि निमकर त्यांना दंतवैद्याची हकिकत सांगत होते. मी मागच्या खुर्चीवर होतो.

गौरवने कागद पाहून पुकारले, "अब मिसेस निमकर. मतलब, आता मिसेस निमकर."

वहिनी उठून पुढे आल्या. त्या कविता वाचणार आहेत हे निमकरांना माहीत नसावे. त्यांनी हकिकत अर्ध्यात सोडली. वहिनींच्या हातात काही नव्हते. त्या सगळ्यांकडे बघून म्हणाल्या, "मी सुमन निमकर. कविता माझी आहे." हे त्यांनी कोणाला सुनावण्यासाठी म्हटले नाही. आम्ही बातमीच्या वर नाव देतो तितक्या सरळपणे त्यांनी ते दिले. मग कविता म्हटली:

कूलरची खस बदलली,
जुनी बाहेर टाकायला नेली.
तिच्यात अजून गेल्या वर्षीचा
थोडा वारा होता.

अश्विनीने सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली. जोशीकाकू म्हणाल्या, "सुमन, परत म्हण." काकूंची वहिनींशी ओळख बरीच जुनी, पण आजवर त्या वहिनींना मिसेस निमकरच म्हणत आल्या होत्या. वहिनींनी पदर सारखा केला आणि कविता परत म्हटली. दुसऱ्यांदा त्यांचा आवाज थोडा मोठा होता.

निमकर मान डोलावत ऐकत होते. दुसरे वाचन संपत आले तसे ते बँकेतल्या अधिकाऱ्याकडे झुकले. "हेही पंख्यावरचंच आहे," ते हळूच म्हणाले.

त्या तरुणाने थोडा विचार केला. मग आदरानेच विचारले, "कूलर?"

"हो," निमकर म्हणाले. "मागच्या बाजूला."